ओव्हरक्लॉक करू की नवं ग्राफिक्स कार्ड घेऊ? भिवंडीतल्या एका पीसीचा हिशोब

"दादा, माझं कार्ड ओव्हरक्लॉक केलं तर १४४०पी नीट चालेल का? की सरळ नवं घेऊन टाकू? दुकानदार म्हणतोय पुढच्या महिन्यात भाव अजून चढणार."

हा फोन माझ्या मामेभावाचा. तो भिवंडीत राहतो, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेलच्या दोन हंगामांत मानकोलीच्या एका गोदामात पॅकिंगचं काम करून त्यानं पैसे साठवले होते. त्यातून २७ इंची, १४४०पी मॉनिटर घेतला आणि हातात ३५ हजार उरले. मॉनिटर सुंदर आहे, पण त्याच्या आरटीएक्स ३०६० कार्डावर गेम अडखळायला लागले. कार्ड जुनं, पैसे मोजके आणि वर दुकानदाराची घाई.

असा प्रश्न सध्या बऱ्याच जणांना पडलाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे अनेकांच्या घरी ४के टीव्ही आला, आणि आता पीसी त्यालाच जोडावा असं वाटतं. ग्राफिक्स कार्डवरचा कर मात्र आधीही १८ टक्के होता, आताही तेवढाच आहे. म्हणजे स्क्रीन स्वस्त झाली, तिला चालवणारं कार्ड नाही. त्यातच मेमरी चिपच्या टंचाईची बातमी आली. म्हणून या प्रश्नाचा नीट हिशोब मांडूया.

आधी पिक्सेल मोजा

१०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २०.७ लाख पिक्सेल. १४४०पी म्हणजे २५६० गुणिले १४४०, साधारण ३६.९ लाख. आणि ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख. प्रत्येक फ्रेमला कार्डला एवढे ठिपके रंगवावे लागतात, आणि तेही सेकंदाला ६० वेळा.

१०८०पी वरून १४४०पी वर गेलात की काम ७८ टक्के वाढतं. ४के वर गेलात तर थेट चौपट. फ्रेम अगदी त्याच प्रमाणात कमी होत नाहीत, कारण गेममधली काही कामं रिझोल्यूशनवर अवलंबून नसतात. पण अंदाज बांधायला हा आकडा पुरेसा आहे.

आता ओव्हरक्लॉककडे बघा. कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा चिप आणि मेमरी थोडी जास्त पळवणं म्हणजे ओव्हरक्लॉक. आजची कार्डं कारखान्यातूनच बरीच ताणून येतात. थंड असतील, वीज मिळत असेल, तर ती स्वतःच वेग वाढवतात. त्यामुळे आपल्या हाती उरतं ते साधारण ५ ते १० टक्के. नशीब चांगलं असेल तर थोडं जास्त.

गरज ७८ टक्क्यांची आणि हातात ५ ते १० टक्के. मॉनिटरच्या एका पायरीची उडी ओव्हरक्लॉकनं भरून निघत नाही, हे इथेच स्पष्ट होतं. ५४ फ्रेम येत असतील आणि ६० हव्या असतील तर त्याचा उपयोग आहे. ३५ येत असतील आणि ६० हव्या असतील तर नाही.

माग जोरात पळवला तर काय होतं?

भिवंडीकराला हे यंत्रमागावरून पटकन कळेल. मोटरची पुली बदलून जुन्या मागाचा वेग थोडा वाढवता येतो. पण एका मर्यादेनंतर धागा तुटायला लागतो, माग सारखा थांबतो, आणि दिवसाचं कापड उलट कमी निघतं. कार्डाच्या मेमरीचंही तसंच होतं. मेमरी फार ताणली की चुका व्हायला लागतात. काही वेळा गेम बंद पडतो, काही वेळा स्क्रीनवर रंगीत ठिपके दिसतात. काही वेळा मात्र यातलं काहीच दिसत नाही, कारण बिघडलेला डेटा पुन्हा पाठवण्यात वेळ जातो आणि फ्रेम गुपचूप घटतात. म्हणून नुसता मेगाहर्ट्‌झचा आकडा बघून खूश होऊ नका, प्रत्येक बदलानंतर फ्रेम मोजा.

रविवारी मी त्याच्या घरी गेलो आणि हेच केलं. एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर आहे, ते दुसऱ्या कंपनीच्या कार्डांवरही चालतं. सायबरपंक २०७७ मध्ये स्वतःची चाचणी आहे, म्हणून तोच गेम घेतला. १४४०पी, सेटिंग हाय, रे ट्रेसिंग बंद. सरासरी ४८ फ्रेम आल्या. चिपचा वेग १५-१५ नं आणि मेमरीचा १००-१०० नं वाढवत गेलो. जिथे गेम पडला तिथून थोडं मागे आलो. शेवटी सरासरी ५१ वर थांबली.

तीन फ्रेम वाढल्या, म्हणजे सहा टक्के. पण तापमान ८३ अंशांवर गेलं आणि पंख्याचा आवाज बाहेरच्या खोलीत मामीला ऐकू यायला लागला.

तुमच्या फोनचाही हा अनुभव असेलच. उन्हाळ्यात चार्जिंगला लावून गेम खेळलात की फोन गरम होतो आणि अर्ध्या तासात गेम जड व्हायला लागतो. चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. पीसीचं कार्डही तेच करतं. मे महिन्यात खोली ३५ अंशांवर असेल, तर जानेवारीत जमलेलं ओव्हरक्लॉक तेव्हा टिकेलच असं नाही.

उलट दिशेनं जाऊन बघा

कार्डाचं झाकण उघडलं तर हीटसिंकच्या पट्ट्यांत कापसाचं बारीक तूस गच्च बसलेलं. शेजारच्या गल्लीत यंत्रमाग चालतात, त्यामुळे हे तूस हवेतच असतं. पीसी बंद केला, वायर काढली, पंखा बोटानं धरून ठेवला आणि ब्रशनं सगळं साफ केलं. तेवढ्यानंच तापमान सात अंशांनी उतरलं.

मग अंडरव्होल्ट केलं. म्हणजे चिपला जवळपास त्याच वेगावर ठेवायचं, पण कमी व्होल्टेज द्यायचं. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १.०५ व्होल्टवरून ०.९ वर आलात, तर त्याच वेगाला हिशोबानं २६ टक्क्यांच्या आसपास वीज वाचते. त्याचं कार्ड आधी १७० वॅट ओढत होतं, ते १३५ च्या आसपास आलं. फ्रेम ४७. म्हणजे एक फ्रेम गेली, पण आवाज आणि उष्णता बरीच कमी झाली.

विजेचाही हिशोब करा. १७० वॅटचं कार्ड रोज चार तास पूर्ण ताकदीनं चाललं, तर महिन्याला साधारण २० युनिट होतात. ३५ वॅट वाचले तर चार युनिट कमी. भिवंडीत २००७ पासून वीज वितरण टोरंट पॉवरकडे आहे. घरातलं बिल घ्या, एकूण रकमेला युनिटनं भागा, तुमच्या घरचा खरा दर निघेल. युनिटला दहा रुपये धरले तर महिन्याला ४० रुपये वाचतात. रक्कम मोठी नाही, पण उन्हाळ्यात लहान खोलीत ३५ वॅट कमी उष्णता हा खरा फायदा आहे.

मग फ्रेम कुठून आणायच्या?

इथे डीएलएसएस कामाला येतं. यात कार्ड चित्र कमी रिझोल्यूशनला काढतं आणि मग एआयच्या मदतीनं मोठं करतं. १४४०पी वर 'क्वालिटी' मोड लावला तर आतलं चित्र ९६०पी चं असतं. ४के वर तोच मोड आतून १४४०पी काढतो, आणि 'परफॉर्मन्स' मोड १०८०पी. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियानं डीएलएसएस ४ आणलं. त्यातलं एकाला चार फ्रेम करणारं तंत्र फक्त ५० सिरीजला मिळालं, पण चित्र मोठं करण्याचं नवं मॉडेल २० सिरीजपासूनच्या सगळ्या आरटीएक्स कार्डांना मिळालं. म्हणजे २०२१ सालच्या ३०६० लाही.

अंडरव्होल्ट ठेवूनच डीएलएसएस क्वालिटी लावलं. सरासरी ६६ फ्रेम. ओव्हरक्लॉकनं ३ दिल्या, या एका सेटिंगनं १९. चित्रात फरक शोधायला मला स्क्रीनजवळ जावं लागलं. दूरच्या तारा आणि जाळ्या हलताना थोड्या थरथरतात, बाकी काही नाही.

एएमडीवाल्यांसाठी गोष्ट थोडी वेगळी आहे. एफएसआरची जुनी रूपं जवळपास सगळ्या कार्डांवर चालतात, पण चांगल्या दर्जाचं एफएसआर ४ कंपनीनं ९००० सिरीजसाठी आणलं. आणि जीटीएक्स कार्ड असेल तर डीएलएसएस मिळतच नाही. त्यात जीटीएक्स १० सिरीजला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर मिळणं ऑक्टोबर २०२५ पासून थांबलं, आता फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. अशा कार्डावर ओव्हरक्लॉकमध्ये रविवार घालवण्यात फारसा अर्थ नाही.

दुकानदार खोटं बोलतोय का?

नाही. भाव वाढण्यामागे खरं कारण आहे.

ग्राफिक्स कार्डावर चिपइतकीच महत्त्वाची असते तिच्याभोवतीची मेमरी. ही मेमरी जगात मुख्यतः तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. आपल्या पीसीची रॅम, फोनची रॅम आणि एआय डेटा सेंटरला लागणारी महागडी एचबीएम मेमरी, सगळं यांच्याच कारखान्यांतून येतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयनं सॅमसंग आणि एसके हायनिक्सशी करार जाहीर केला. त्यात महिन्याला ९ लाख वेफरपर्यंतच्या मागणीची भाषा होती. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉननं जाहीर केलं की ग्राहकांसाठीचा 'क्रुशल' ब्रँड आपण बंद करतोय. ज्या ब्रँडची रॅम आपल्यापैकी कित्येकांच्या पीसीत आहे, तोच. कारण सरळ आहे, एआयवाला गिऱ्हाईक जास्त पैसे देतो.

हे फार लांबचं वाटत असेल तर पनवेल आठवा. तिथल्या योट्टाच्या डेटा सेंटरमध्ये एनव्हिडियाच्या एच१०० चिप बसवल्या आहेत. अशा प्रत्येक चिपला ८० जीबी एचबीएम मेमरी असते. माझ्या मामेभावाच्या कार्डाला १२ जीबी, तीही साधी. कारखान्याच्या एकाच रांगेत हे दोन्ही गिऱ्हाईक उभे आहेत, आणि पुढे कोण जाणार हे सांगायची गरज नाही.

"थांब, काही महिन्यांत स्वस्त होईल" हा सल्ला मीही वर्षानुवर्षं दिलाय. २०२१ मध्ये क्रिप्टो मायनिंगमुळे कार्डं दुप्पट भावानं विकली जात होती, तेव्हा जे थांबले ते जिंकले. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं पद्धत बदलली, त्या नाण्यासाठी कार्डांची गरज एका दिवसात संपली, आणि वापरलेली कार्डं बाजारात आली.

या वेळी तसं होईल असं मला वाटत नाही. मायनिंगची मागणी एका सॉफ्टवेअर बदलानं गेली. आताची मागणी मोठ्या करारांत बांधलेली आहे, आणि मेमरीचा नवा कारखाना उभा राहायला काही वर्षं लागतात. मायक्रॉननं डिसेंबरातच सांगितलं की टंचाई २०२६ नंतरही राहील. आणि डेटा सेंटरची चिप घरच्या पीसीत बसत नाही, त्यामुळे उद्या एआयचा फुगा फुटला तरी ती आपल्याला सेकंडहँडमध्ये मिळणार नाही.

म्हणजे थांबण्याला आता किंमत आहे. पण घाईघाईत चुकीचं कार्ड घेण्याची किंमत त्याहून मोठी आहे.

३५ हजारांत दुकानदार काय देत होता?

त्यानं सुचवलं होतं आरटीएक्स ५०६०. नवी सिरीज, नवं खोकं. पण मेमरी ८ जीबी. मामेभावाच्या जुन्या कार्डाला १२ जीबी आहे. ५०६० ची चिप नक्कीच वेगवान आहे. पण १४४०पी वर नव्या गेममध्ये टेक्स्चर 'अल्ट्रा' केलं की ८ जीबी भरतात. जागा संपली की कार्ड पीसीच्या रॅममधून माल मागवतं, आणि तो रस्ता कित्येक पटींनी हळू आहे. मग सरासरी फ्रेम ठीक दिसतात, पण मधेच झटके बसतात. वेग कमी असेल तर सेटिंग उतरवून भागतं. मेमरी कमी असेल तर तुम्ही ती विकत घेऊन लावू शकत नाही, कारण ती कार्डावर कायमची जोडलेली असते. ओव्हरक्लॉकनंही एक जीबी वाढत नाही.

१४४०पी साठी आज नवं कार्ड घ्यायचंच असेल, तर १६ जीबी बघा. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही ८ आणि १६ अशा दोन प्रकारांत येतात. नाव तेच, खोकंही जवळपास तसंच. ऑनलाइन घेताना तर हमखास घोळ होतो, म्हणून बिलावर '१६ जीबी' लिहिलंय का ते बघा. अमेरिकेत येताना ५०६० टीआयच्या दोन प्रकारांत ५० डॉलरचा फरक होता, ३७९ आणि ४२९. ९०६० एक्सटीमध्येही ५० चाच, २९९ आणि ३४९. १६ जीबीवालं ५०६० टीआय ३०६० पेक्षा साधारण दीडपटीहून जास्त वेगवान आहे. ही खरी उडी आहे.

जुना मदरबोर्ड असेल तर अजून एक गोष्ट. ५०६० टीआय आठ लेनवर चालतं, ९०६० एक्सटी सोळा लेनवर. बी४५० सारख्या पीसीआयई ३.० बोर्डवर आठ लेन म्हणजे रस्ता अजून अरुंद. ८ जीबीच्या कार्डाला तिथे जास्त फटका बसतो.

४के टीव्हीचं स्वप्न असेल तर स्पष्ट बोलतो. डीएलएसएस धरूनही मी आरटीएक्स ५०७० टीआय किंवा आरएक्स ९०७० एक्सटीच्या खाली जायला सांगणार नाही. ५०७० टीआयची एनव्हिडियानं भारतासाठी सांगितलेली सुरुवातीची किंमत ८० हजार होती. वर ३०० वॅटचं कार्ड, म्हणजे पॉवर सप्लायही बदलावा लागू शकतो. नाहीतर त्याच टीव्हीवर १४४०पी लावा आणि दोन पावलं मागे बसा.

पैसे काढण्याआधी दोन चाचण्या

पहिली: गेममधलं रिझोल्यूशन एकदम खाली आणा. फ्रेम भरपूर वाढल्या तर अडचण कार्डाची आहे. जवळपास तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर कमी पडतोय, आणि ८० हजारांचं कार्ड लावूनही उपयोग नाही.

दुसरी: रिझोल्यूशन तेच ठेवा, फक्त टेक्स्चर 'अल्ट्रा' वरून 'मीडियम' करा. झटके गायब झाले तर कार्डाची मेमरी कमी पडतेय. अशा वेळी ओव्हरक्लॉकचा विचार सोडा.

यावरून माझा हिशोब असा. कार्ड जीटीएक्स असेल, किंवा ६-८ जीबीचं असून दुसऱ्या चाचणीत नापास होत असेल, आणि मॉनिटर १४४०पी चा असेल, तर १६ जीबीचं कार्ड आत्ताच घ्या, स्वस्ताईची वाट बघू नका. पैसे कमी पडत असतील तर कर्ज काढून ८ जीबीचं घेण्यापेक्षा दोन महिने अजून साठवून १६ चं घ्या. 'नो कॉस्ट' ईएमआयमध्येही प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लागू शकतो, ते वाचूनच सही करा. पण कार्ड आरटीएक्स असेल आणि मेमरी १० जीबी किंवा जास्त असेल, तर आधी सफाई, अंडरव्होल्ट आणि डीएलएसएस करून बघा. त्यातून ६० फ्रेम मिळत असतील, तर भाववाढीच्या भीतीनं काहीही घेऊ नका. ओव्हरक्लॉक या सगळ्यानंतर, हौस म्हणून.

सेकंडहँडचा पर्याय आहे. लॅमिंग्टन रोडला गेलात तर कार्ड तिथेच लावून अर्धा तास गेम चालवून बघा, तापमान बघा, बिल आणि वॉरंटी मागा. अर्धा तास चालवून दाखवायला जो तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

मामेभावानं काय केलं? दुकानदाराला नाही म्हणाला. थोडा हिरमुसला होता, कारण नव्या खोक्याची मजा वेगळी असते, आणि असली खोकी तो गोदामात रोज दुसऱ्यांसाठी बंद करायचा. ३५ हजार खात्यात ठेवलेत. पुढच्या हंगामात त्यात भर पडली की १६ जीबीचं बघू, असं ठरलंय. तोपर्यंत भाव वाढलेही असतील. पण तोपर्यंतचं वर्ष तो त्याच मॉनिटरवर ६० फ्रेमनं खेळेल.

आत्तापुरता खर्च झाला तो एका ब्रशचा. महिन्यातून एकदा तूस काढायचं, एवढं त्यानं कबूल केलंय.